हात पुढं करणारं यंत्र

आमच्या घरात शांतता हा शब्द वापरायची वेळ क्वचितच येई. जवळा बाजार या आमच्या गावात, पेठेच्या मागच्या गल्लीत बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती आणि गिरणीची मागची भिंत तीच आमच्या स्वयंपाकघराची पुढची भिंत होती. सकाळी लाईट आली की पट्टा फिरू लागे आणि मांडणीतली पितळी भांडी एका सुरात थरथरू लागत. ताटाजवळ ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत. घरातले सगळे मोठ्यानं बोलत. नवा पाहुणा आला की त्याला वाटे, इथं भांडण चालू आहे. लाईट गेली की आपलाच आवाज कानाला टोचे आणि सगळे एकदम हळू बोलू लागत. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत हे रोज दुपारी होई. आजही एखाद्या कार्यालयातला पंखा अचानक बंद पडला की माझा आवाज आपोआप खाली येतो.

आवाजाखालोखाल घरात पीठ होतं. ज्वारीचं पीठ हवेत राहतं, डाळीचं खाली बसतं, आणि मिरची कांडली की चौथ्या घरातून शिंका ऐकू येतात. बापूंच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या असत. पुढे त्या खरोखर पिकल्या तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. माय गिरणीत काम करत नसे, पण गिरणी तिच्या हुकमानं चाले. दळण पडू लागलं की ती चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात चोळून पाही आणि दगड बोथट झाल्याचं सांगे. बापू म्हणत, झाला नाही. ती म्हणे, उघडा आणि दाखवा. मग दगड उघडला जाई, ती त्यावर तळवा फिरवी आणि बहुतेक वेळा बापू दगडाला टाकी घालायला, म्हणजे ठोकून पुन्हा खरबरीत करायला, मुकाट्यानं छिन्नी शोधायला जात. पाहिल्याबिगर कशाला हात लावू द्यायचा नाही, असा तिचा नियम होता. साडी उलगडून उन्हात धरल्याशिवाय घ्यायची नाही. भांडं कल्हईला देण्याआधी त्याचा तळ बघायचा. माझी दाढ किडली तेव्हा तिनं दाताच्या डॉक्टरला आधी आरसा धरायला लावला, कीड स्वतः पाहिली आणि मगच दाढ उपटू दिली.

कॉम्प्युटर आला तो मी बारावीला असताना. हिंगोलीच्या एका दुकानदारानं सुटे भाग जोडून तो तयार केला होता. बापूंनी तो का घेतला याची त्यांनी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी कारणं सांगितली. मला सांगितलेलं कारण असं की पोरगी पुढे शिकणार आहे. गिरणीपासून सगळ्यांत लांब अशा मधल्या खोलीत तो ठेवला गेला. मायनं जुन्या लुगड्याच्या काठाची खोळ शिवली, तिला नाड्या लावल्या, आणि काम झालं की मी त्या बांधायच्या अशी सक्त ताकीद दिली. ज्या दिवशी मी विसरे त्या दिवशी की-बोर्डवर बोटानं नाव लिहिता येईल इतकं पीठ बसे.

पडद्यात मायला रस नव्हता. टीव्ही, पण त्यावर काही लागत नाही, असं ती शेजारणींना सांगे. तिला आवडे ती फक्त सीडी ड्राइव्ह. बटण दाबलं की आतून हुंकार येई, ट्रे सावकाश बाहेर सरके आणि थांबून राही. पुन्हा दाबलं की तो तसाच सावकाश आत जाई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कणीक भिजवता भिजवता उठून आली होती. हात पुढं करतंय, असं ती म्हणाली. सीडी कशी वाचली जाते हे मी तिला शिकवणीत ऐकलं होतं तसं सांगितलं: चकतीवर डोळ्याला न दिसणारे खड्डे असतात आणि आतला एक बारीक उजेड त्यांच्यावरून फिरतो.

"उजेडानं वाचतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् आत तर अंधार हाय."

"उजेड त्याचा त्याच्याजवळच असतो, माय."

कणकेचे हात तसेच धरून तिनं बटण कोपरानं दाबलं, ट्रे बाहेर येऊ दिला, पुन्हा आत जाऊ दिला. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती थक्क झाली की तिच्या भुवया वर जात नसत. उलट डोळे बारीक होत, लांबची पाटी वाचताना होतात तसे.

गिरणी वर्षातून एकदाच आपणहून बंद राही, खंडेनवमीला. त्या दिवशी अवजारांची पूजा असते. आदल्या दिवशी बापू पट्टा, दगड, वजनकाटा, छिन्नी, हातोडी असं सगळं पुसून घेत, आणि नवमीला माय त्यांना हळदकुंकू लावून अक्षता वाहत असे. झेंडूच्या माळांचा वास पिठाच्या वासावर चढे. स्वयंपाकघरात पुरण शिजत असे आणि येसराच्या आमटीची फोडणी पडली की बापू गिरणीतूनच खाकरत. त्या वर्षी रांगेत कॉम्प्युटर वाढला. बाकीच्या पूजेला आम्ही सगळे उभे होतो. कॉम्प्युटरची पूजा मायनं एकटीनं केली, कारण मी पोळ्या उलटत होते आणि बापू माळ बांधायला शिडीवर चढले होते. मी आले तेव्हा पेटीवर कुंकवाचं एक नेटकं बोट उमटलेलं होतं आणि पडद्यावर झेंडूची माळ होती. ठीक झालं, असं मला वाटलं. मी तपशील विचारला नाही. पुढे बातमीदारी करताना मी शिकले की जिथे आपण नव्हतो तिथलं आधी विचारावं. तेव्हा ते माहीत नव्हतं.

दिवाळीच्या भाजणीची गर्दी सुरू झाली तसा मायचा श्वास पुरेना. आधी तिनं ते पिठावर ढकललं. मग एका सकाळी भाकरी थापताना तिनं डावा हात काटवटीतून बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि तो उचलून घ्या असं आम्हाला सांगितलं, जणू तो दुसऱ्याचा होता. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी गोळी जिभेखाली ठेवली आणि जीप बोलवायला लावली. नांदेडच्या इस्पितळात तिच्या मांडीच्या शिरेतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. टेबलाशेजारीच पडदा होता, पण मायनं डोळे मिटून घेतले होते आणि नरसीच्या नामदेवाचं नाव चालवलं होतं. उघडले असते तर तिला सगळं तिथंच दिसलं असतं, हे तिला नंतर कळलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बापूंना सांगितलं की मुख्य वाहिनी अरुंद झाली आहे, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. चार दिवस घरी नेऊन मनाची तयारी करा, मग भरती व्हा. त्यांनी कागदी पाकिटात एक सीडी दिली. बापूंनी ती ओरखडा पडू नये म्हणून भाकरीच्या डब्यात, दोन धुतल्या फडक्यांच्या मधे ठेवली. डबा तिच्याच मापाचा असावा तशी ती बसली. जीपमध्ये पूर्ण वाट बापूंनी तो मांडीवर धरला.

घरी आल्यावर माय म्हणाली की ती ऑपरेशन करणार नाही.

ती रडली नाही, चिडलीही नाही. खाटेवर बसून ती बिनतेलाची भाजी खात होती आणि प्रत्येक घासाला तोंड वाकडं करत होती. बापूंनी तिला सरळ समजावलं, मग रागानं समजावलं, मग गप्प बसून समजावलं. शेवटी ते खाटेजवळ उकिडवे बसले.

"काहून ऐकून राहिली न्हाईस तू? डॉक्टर का खोटं सांगून राहिले?"

"खोटं म्हणलं का मी? तुमचा दगड बोथट झाला तवा तुमी उघडून दाखवता. माझं काळीज खराब हाय म्हंता, ते कोणी दाखवलं? पाहिल्याबिगर कापू द्यायची न्हाई."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. तपासणीचं चित्रीकरण त्या सीडीत आहे, घरच्या कॉम्प्युटरवर ते दिसतं, असं इस्पितळात सांगितलं होतं. मी मायला म्हणाले की दाखवते. ती म्हणाली, दाखव. दिसलं तर जाते. इतक्या साध्या शब्दांत ते ठरलं.

मी नाड्या सोडल्या, कॉम्प्युटर चालू केला, बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. स्वच्छ होता. येताना त्यानं किंचित करकर केली, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. सीडी ठेवली, ट्रे आत गेला, हिरवा दिवा लुकलुकला, आत काहीतरी फिरू लागलं, थांबलं, पुन्हा फिरलं. पडद्यावर सूचना आली की ड्राइव्हमध्ये डिस्क टाका. डिस्क तर आत होती. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. मग सीडी बाहेर काढून पाहावी म्हणून बटण दाबलं तर ट्रे नखाएवढा सरकला, कर्र असा आवाज झाला आणि तो अडकला. त्यानंतर तो ना पुढे आला, ना मागे गेला.

माय खाटेवरून हे सगळं पाहत होती. बिघडलं का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, थोडं. ती म्हणाली, मग राहू दे. तिच्या आवाजात सुटका झाल्याचा जो सूर होता, तो ऐकून बापू उठून बाहेर गेले.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. पेठेत फोटो स्टुडिओवाल्याकडे कॉम्प्युटर होता. पण सीडीच अडकलेली, आणि मायनं आधीच बजावलं होतं: "फोटोवाल्याच्या दुकानात माझं काळीज दाखवता का? बारशाच्या फोटूशेजारी?" हिंगोलीच्या दुकानदाराला मी फोन लावला. त्याच्या मागे कोणीतरी फटाके उडवत होतं. लेन्स गया होगा, असं तो म्हणाला, पेटी घेऊन दिवाळीनंतर या. ट्रेच्या खाली बारीक छिद्र आहे, लाईट बंद करून त्यात पिन सरळ घाला, ट्रे सुटतो. "लेकिन जबरदस्ती मत करना बेटा, अंदर सीडी टूट जाएगी।" त्या सीडीची दुसरी प्रत इस्पितळात आहे की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. विचारायला फोन करावा असं बापूंना वाटलं, पण नाही असं उत्तर आलं तर काय, या धास्तीनं त्यांनी तो केला नाही.

मी मायच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, सरळ केला आणि छिद्रात घातला. आत काहीतरी लागलं, ट्रे अजून नखभर आला आणि पुन्हा कर्र. मी हात काढून घेतला. तोवर बापू परत आले होते. त्यांनी पेटी चालू करायला लावली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ड्राइव्हच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. गिरणीचं बेअरिंग ते असंच ऐकत. मी बटण दाबलं.

"मोटर बराबर हाय," ते म्हणाले. "दातात कायतरी अडकून राहिलं. दोन थेंब तेल सोडू का?"

तेल सोडलं तर उजेडाला दिसणार नाही, असं मी सांगितलं. ते मान हलवून तेलाचा डबा मागे ठेवू लागले, पण त्याचं झाकण लावलं नाही.

मी क्रमानं विचार करायचा प्रयत्न केला. ड्राइव्ह दसऱ्याच्या आधी चालू होती. त्यानंतर मी ती वापरली नव्हती. मधल्या काळात घरात पीठ जास्त उडालं होतं, कारण भाजणीची गर्दी होती. म्हणजे आत पीठ गेलं असणार. पुराव्याशी जुळणारा हा निष्कर्ष होता आणि तो चूक होता. दुपारी लाईट गेली. गिरणी थांबली, भांडी थांबली, आणि आम्ही हळू आवाजात बोलू लागलो. करंट नाही तर आता उघडायला हरकत नाही, असं मी ठरवलं. पेटीचा पत्रा काढला, मागची रुंद पट्टी आणि चौपदरी वायर सोडवली, ड्राइव्ह ओढून काढली आणि सतरंजीवर पालथी ठेवली. खालचे चार स्क्रू बापूंनी काढले. तळाचा पत्रा सुटला. मग आम्ही ड्राइव्ह सुलटी केली आणि वरचं कवच उचललं.

सीडी होती तशी होती. मी ती कडांना धरून उचलली आणि भाकरीच्या डब्यात ठेवली. तिच्या खाली पीठ नव्हतं. तिच्या खाली कुंकू होतं. लेन्सचा तो बारीक निळसर डोळा लाल भुकटीनं माखला होता, भोवतीच्या खोबणीत हळद होती, झेंडूची एक वाळलेली पाकळी होती, आणि ट्रे पुढे सरकवणाऱ्या पांढऱ्या चाकाच्या दातात एक पिवळा तांदूळ घट्ट बसला होता. आणखी काही तांदूळ तळाशी विखुरलेले होते.

बापूंनी आणि मी एकाच वेळी मायकडे पाहिलं.

तिनं सांगितलं ते असं. नवमीला तिनं प्रत्येक अवजाराला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. कॉम्प्युटरपाशी आली तेव्हा बटण दाबावंसं वाटलं. दाबलं, तर त्यानं हात पुढं केला. पुढं केलेला हात रिकामा कसा परत पाठवायचा? म्हणून तिनं हळदकुंकू, अक्षता, एक पाकळी असं सगळं ट्रेवर ठेवलं आणि बटण दाबलं. त्यानं ते आत घेतलं. दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढायला तिनं पुन्हा ट्रे उघडला, तर अक्षता नव्हत्या. थोडं कुंकू उरलं होतं, ते तिनं पदरानं पुसून घेतलं.

"लगीन होऊन आल्यापून पूजा करून राहिले," ती अगदी हळू म्हणाली. "दगडाची, काट्याची. कवा कोणी काही घेतलं न्हाई. वाहिलेलं तसंच राह्यचं. ह्यानं घेतलं. मी कोणाला सांगितलं न्हाई."

मग ती खाटेवरून उतरली, भिंतीचा आधार घेत आली आणि उघड्या ड्राइव्हवर वाकली. तळातले तांदूळ तिनं पाहिले. डोळे बारीक झाले.

"म्हंजे खाल्लं न्हाई तर," ती म्हणाली.

बापू हसले. खूप दिवसांनी हसले, आणि मग तोंडावर हात ठेवून थांबले, कारण माय हसत नव्हती. मला वाटतं त्या क्षणी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं. ते आम्ही काढलं होतं, स्क्रू-ड्रायव्हरनं.

पुढचं काम मात्र तिनंच सुचवलं. मी फडक्यानं लेन्स पुसायला गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. फडक्यानं डोळा पुसतात का, असं विचारलं. देवघरातून तिनं कापूस आणला, आमच्याच भागातला, सरकी काढलेला, आणि उदबत्तीच्या काडीच्या टोकाला बोटांनी वळून अशी बारीक वात गुंडाळली की तिचा शेवट कुठे झाला ते दिसेना. समोरच्या दवाखान्यातून मी बाटलीच्या झाकणात स्पिरिट आणलं. डॉक्टरसाहेबांनी कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि लाईट आली की मला बोलवा, असं म्हणाले. बापूंनी सायकलच्या पंपानं भुकटी उडवली. तांदूळ मी आकड्यानं एकेक उचलले आणि मायनं ते वाटीत घेतले, कारण अक्षता केरात टाकत नाहीत. शेवटी लेन्स. ती एका बारीक स्प्रिंगवर तरंगत होती; वातीचा स्पर्श झाला की पापणीसारखी लवे. मायनं माझ्या हाताखाली आपला हात धरून ठेवला होता. तीन वाती लाल झाल्या, चौथी गुलाबी, पाचवी पांढरीच राहिली.

दिवेलागणीला लाईट आली. गिरणीचं बटण चालूच राहिलं होतं, त्यामुळे पट्टा आपोआप फिरू लागला आणि मांडणी थरथरली. मी ड्राइव्ह जोडली होती. डॉक्टरसाहेब आले, त्यांना खुर्ची दिली. मी सीडी ठेवली, ट्रे करकर न करता आत गेला, दिवा लुकलुकला. आत फिरण्याचा आवाज चढत गेला आणि एका उंचीला स्थिर झाला. पडद्यावर एक खिडकी आपणहून उघडली. पण भिंतीच्या थरथरीनं चित्र हलतंय असं बापूंना वाटलं. ते उठून गिरणीत गेले. बाहेर दळणाचे डबे घेऊन बायका उभ्या होत्या, दिवाळी तोंडावर होती, आणि बापूंनी पट्टा बंद केला. खंडेनवमी नसताना, लाईट असताना, आमची गिरणी बंद झालेली मी ती पहिल्यांदा पाहिली.

आधी राखाडी धुकं होतं. त्यात फासळ्यांच्या फिकट सावल्या. मग वरून एक काळी रेघ उतरली, वाकली, आणि तिच्या टोकातून शाई सुटावी तसं काहीतरी सुटलं. बघता बघता ती शाई फांद्यांत शिरली, फांद्यांतून डहाळ्यांत, डहाळ्यांतून केसाएवढ्या रेषांत, आणि एक पूर्ण झाड पडद्यावर उभं राहिलं. ते हलत होतं. आकसायचं, सैल व्हायचं, आकसायचं. हृदय दिसत नव्हतं. त्याच्या रक्तवाहिन्या दिसत होत्या, आणि त्या ज्याच्यावर पसरल्या होत्या ते हलत असल्यानं त्या हलत होत्या. मग शाई विरली, झाड नाहीसं झालं, आणि पुन्हा धुकं. काही क्षणांनी सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आवाज काहीच नव्हता. नंतर मी बातमीच्या निमित्तानं धरणं भरताना पाहिली, ग्रहणं पाहिली, लाखांचे मेळावे पाहिले. त्यांची वर्णनं केली, ती छापून आली. त्या राखाडी झाडाचं वर्णन मी आज पहिल्यांदा करते आहे, आणि ते अपुरं आहे हे मला दिसतं.

दळण घेऊन आलेली गयाबाई, आमची शेजारीण, गिरणी का थांबली ते पाहायला दारात आली आणि डबा काखेत धरून तिथंच उभी राहिली. काय लावलंय, असं तिनं विचारलं. बापू म्हणाले, हिचं काळीज. तिनं डबा खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

मायनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "हे आत्ता चालू हाय का?"

"नाही, तपासलं त्या दिवशीचं आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले.

तिनं डावा हात छातीवर ठेवला आणि पडद्यावरचं आकसणं आणि हाताखालचं आकसणं जुळतं का ते पाहू लागली. कधी जुळायचं, कधी मागे पडायचं. मी चित्र थांबवू का असं विचारलं. ती म्हणाली, थांबवू नको. नुसतं थांबवू नको म्हणाली, आणि माझा हात की-बोर्डवरून बाजूला केला.

मग डॉक्टरसाहेबांनी पेनाच्या टोपणानं जागा दाखवली. सगळ्यांत जाड फांदी सुरुवातीलाच एका ठिकाणी सुतासारखी झाली होती. तिथून पलीकडे शाई उशिरा पोचत होती आणि फिकी पोचत होती. एकदा दाखवल्यावर दुसरं काही दिसेना. मायनं खुर्ची पुढे ओढली, नाक पडद्याला लागेल इतकी जवळ गेली आणि त्या जागेवर बोट ठेवलं, दगडावर ठेवायची तसं.

"पाटात गवत अडकलं की पलीकडच्या सऱ्या सुकतात," ती म्हणाली. "तसंच ना, साहेब?"

"बरोबर तसंच. आपण बाजूनं दुसरा पाट काढून देणार. पलीकडचं रान अजून हिरवं आहे."

ती मागे टेकली. झाड आणखी किती वेळा उभं राहिलं आणि विरलं ते मी मोजलं नाही. बापू तिच्याकडे पाहत होते, पडद्याकडे नाही. त्यांनी तो पडदा त्या संध्याकाळी नीट पाहिलाच नाही, असं पुढे त्यांनीच सांगितलं. शेवटी माय उठली आणि गयाबाईला म्हणाली की डबा ठेवून जा, सकाळी दळून ठेवायला सांगते. मग बापूंना म्हणाली, "तुमचं खरं हाय. टाकी घालायची झाली. कवा जायचं?"

भाऊबीज झाल्यावर ऑपरेशन झालं. पायातली शीर काढून छातीत जोडली. माय शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं की दुरुस्त झाल्यावरचं कधी दाखवता. त्यांनी हसून सांगितलं की ते पुन्हा बघायची गरज नाही. हे उत्तर तिला पटलं नाही. पैसे घेतले आणि उघडून दाखवलं न्हाई, अशी तक्रार ती घरी आल्यावर कितीतरी दिवस करत होती.

ती सीडी आता माझ्याकडे आहे, त्याच भाकरीच्या डब्यात. ती वाचणारं यंत्र माझ्याकडे नाही. हल्लीच्या कॉम्प्युटरांनी हात पुढं करणं सोडलं आहे. कधी डबा उघडून मी ती खिडकीशी तिरपी धरते. रंगांचा एक पट्टा फिरतो, बाकी काही दिसत नाही. माझ्या आईचं हृदय तिच्यात चालतं आहे हे मला ठाऊक आहे, कारण मी ते पाहिलं आहे.

ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी खंडेनवमीला गिरणी बंद होती. दगड, पट्टा, काटा, छिन्नी अशी रांग लागली, झेंडूचा वास चढला, पुरण शिजलं. माय पाटावरून पाटावर सरकत पूजा करत कॉम्प्युटरपाशी आली. पोलक्याच्या गळ्यातून तिच्या व्रणाचं वरचं टोक दिसत होतं. या वेळी मी पोळ्या सोडून आले होते आणि ड्राइव्हच्या बाजूला उभी होते.

"काहून उभी राहिलीस गं राखणीला?" ती म्हणाली.

तिनं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला आणि थांबून राहिला. तिनं पदराखालून भाकरीचा डबा काढला, वरचं फडकं बाजूला केलं, सीडी कडांना धरून, चकाकती बाजू खाली, ट्रेत ठेवली आणि पुन्हा बटण दाबलं. त्यानं ती आत घेतली. धुकं आलं, रेघ उतरली, झाड उभं राहिलं. मायनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि पडद्याच्या काचेवर, फांदी सुतासारखी झाली होती बरोबर त्या जागी, टेकवलं. तिच्या बोटाखाली ते आकसत होतं, सैल होत होतं.

बापू शिडीवरून म्हणाले की ते मागच्या सालचं आहे, नवं तर तिच्या छातीत आहे, जुन्याची कशाला पूजा.

"असू द्या," माय म्हणाली. "जुनं हाय, पण चालून राहिलं."